जुन्या गाडीचा गंज : होडीचं औषध गाडीला चालत नाही



पावसाळी बंदी जवळ आली की होडी वर ओढणं, तळ खरवडणं, फटी बघणं, रंगाचे डबे आणणं ही आपली ठरलेली कामं. ती कुणाला सांगावी लागत नाहीत. पण होडीच्या शेजारी अंगणात जी जुनी चारचाकी उभी असते, तिच्या दाराखाली बोट लावल्यावर पत्रा पापडासारखा चुरतो तेव्हा कुठे तिच्याकडे लक्ष जातं. डिझेल परताव्याची चौकशी करायला कार्यालयात आलेली माणसं जाता जाता विचारतात, "गाडीला गंज लागलाय, स्वस्तात काय करता येईल?"

त्याचं उत्तर आज सविस्तर देत आहोत. मुद्दा आधीच सांगतो. वरवरचा गंज घरच्या घरी, कमी पैशात थांबवता येतो. त्यासाठी रंगापेक्षा घासण्यावर जास्त मेहनत घ्यावी लागते. होडीसाठी आणून ठेवलेलं सामान जसंच्या तसं गाडीला लावलं तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. आणि गाडीच्या ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिथे स्वस्ताई करायचीच नाही.

चिक्कडपल्लीहून आलेली ओम्नी

आपल्या एका सभासदाचे मेव्हणे हैदराबादला चिक्कडपल्लीत राहतात. कचेगुडा, कोठी या भागात जुनी मराठी वस्ती आहे, तिथून चिक्कडपल्ली जवळच. मासळीवाल्यांना ओळखीची खूण सांगायची तर रामनगरचा मोठा मासळी बाजार तिथून हाकेच्या अंतरावर. मृग लागला की हैदराबादेत मासे खायची रीत आहे, त्या दिवशी या बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

मेव्हण्यांची २००९ सालची मारुती ओम्नी होती. ती त्यांनी २०२१च्या दिवाळीनंतर आपल्या सभासदाला दिली. बाहेरून गाडी चकचकीत. आपल्याकडच्या त्याच वयाच्या गाड्यांशेजारी उभी केली तर नवी वाटावी अशी. घरच्या वहिनी तेव्हापासून त्याच गाडीतून पहाटे लिलावातली मासळी तालुक्याच्या बाजाराला नेतात. म्हणजे ती गाडी हौसेची नव्हे, घरचा रोजचा पैसा तिच्यावर चालतो.

दोन पावसाळे गेले आणि सरकत्या दाराच्या खाली, मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आले. तिसऱ्या वर्षी नोंदणीची १५ वर्षं भरत आली. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओला दाखवायची, तर आधी गंज काढायला हवा. एका गॅरेजवाल्याने सगळी गाडी डेंटिंग-पेंटिंग करायचा जो आकडा सांगितला, तो गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता. मग आम्ही काही जण, एक ओळखीचे डेंटर आणि तो सभासद असे बसलो, आणि काय घरी करायचं, काय वेल्डरकडे द्यायचं याची वाटणी केली. पुढे जे लिहिलंय ते त्या कामातून आणि डेंटरच्या अनुभवातून आलेलं आहे.

तीच गाडी तिथे टिकली, इथे का गंजली?

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मीठ या कामाला जोर देतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं खारं पाणी राहतं. हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब. वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटर. आपल्या कोकणात २,००० मिलिमीटरच्या वर पडतो, रत्नागिरीच्या बाजूला ३,०००च्याही पुढे. वर खारा वारा, आणि आपण त्याच गाडीत बर्फाची मासळी ठेवतो. बर्फ वितळून जे खारं पाणी क्रेटमधून झिरपतं, ते चटईखाली जाऊन बसतं. वर्षानुवर्षं रस्त्यावर पडणाऱ्या पावसाने होणार नाही ते नुकसान हे पाणी दोन वर्षांत करतं.

दुसरी गोष्ट, गंज फुगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. रंगाला फोड येतो तो त्यामुळेच. आणि गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो. ॲल्युमिनियमवर जो पापुद्रा येतो तो घट्ट असतो, आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज झाकत नाही, उलट आत वाट करून देतो. म्हणून फोडावर नुसता रंग मारला तर सहा महिन्यांत तोच फोड शेजारच्या दोन फोडांना घेऊन वर येतो.

होडीचं सामान गाडीला का चालत नाही

आपल्या घरात होडीचं बरंच सामान उरलेलं असतं. हात आपोआप तिकडे जातो. म्हणून हे एकेक करून सांगतो.

झिंकचा ठोकळा : होडीच्या पंख्याजवळ, सुकाणूजवळ झिंक लावतो. लोखंडाच्या आधी झिंक स्वतः झिजतं आणि लोखंड वाचतं. पण त्यासाठी झिंक आणि लोखंड दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले लागतात. गाडी हवेत असते. चेसिसला झिंकचा ठोकळा बांधला तर तो फार तर स्वतःच्या आसपासची दोन बोटं जागा सांभाळेल, दाराखालच्या पत्र्याला त्याचा उपयोग शून्य. झिंक असलेला प्रायमर वेगळा. तो साफ पत्र्याला चिकटून बसतो म्हणून चालतो.

फायबर आणि रेझिन : फायबरच्या होडीला भोक पडलं की मॅट आणि रेझिन लावून आपण ते बुजवतो, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं, कारण फायबर गंजत नाही. गाडीच्या भोकावर तेच केलं तर वरून जागा गुळगुळीत होते, पण खालचा पत्रा गंजतच राहतो. कडेचा पत्रा संपला की सगळं ठिगळ एक दिवस हातात येतं. मधल्या काळात ते आत पाणी अडवून ठेवतं ते वेगळंच.

कॉपर पेंट : तळाला शेवाळ, कालवं धरू नयेत म्हणून लावायचा रंग गाडीच्या खालून मारलेला आम्ही पाहिला आहे. त्यात तांबं असतं. उघड्या लोखंडाला तांबं लागलं आणि त्यावर खारं पाणी आलं की लोखंड आणखी वेगाने खाल्लं जातं. हा रंग गाडीला कधीच लावू नका.

ॲल्युमिनियमचा पत्रा आणि स्टीलचे स्क्रू : भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी रिबिटने मारली तर खाऱ्या ओलाव्यात पट्टी स्वतः पांढरी पडून झिजते. न गंजणाऱ्या स्टीलच्या स्क्रूभोवती मात्र गाडीचा पत्रा खाल्ला जातो. दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचं पाणी, हा खेळ तुम्ही होडीत पाहिलेलाच आहे.

जळकं ऑइल : गाडीच्या खाली जळकं इंजिन ऑइल मारायची जुनी पद्धत आहे. थोडा उपयोग होतो, पण ते रबरी बुशांना खातं, ब्रेकवर गेलं तर धोका, आणि टपकून अंगणातली माती, विहीर खराब करतं. त्यापेक्षा स्वच्छ ग्रीस किंवा मेणाचं अंडरकोटिंग बरं.

होडीच्या सामानातली एक गोष्ट मात्र गाडीला छान चालते, ती म्हणजे दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. तो पाणी आत जाऊ देत नाही. उरला असेल आणि मुदतीत असेल तर गाडीच्या कामाला काढा.

आधी तपासा, मग खर्चाचं ठरवा

तपासायला एक लोहचुंबक, एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि बॅटरी एवढं पुरे.

चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा आणि दाराखालून, कमानीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली जाड लांबी भरलेली आहे, म्हणजे आधी कुणीतरी गंज लपवला आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. टोकाने थोडा दाब द्या. आत शिरलं तर तो पत्रा गेला.

बघायच्या जागा अशा : दारांच्या तळाची घडी, दाराखालचा पोकळ पत्रा, चाकांच्या कमानी, समोरच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीची ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चटईखालची जमीन. दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, ती कंपनीने पाणी जायला ठेवलेली असतात. त्यात माती, खवले, पानं अडकली की दारात पाणी साचतं. निम्मा गंज इथून सुरू होतो.

ओम्नीची चटई उचलली तेव्हा खाली बारीक सुकलेला गाळ निघाला. सीटचे बोल्ट गंजून फुगलेले. बर्फाच्या पाण्याने गाळ येत नाही. मेव्हण्यांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, २०२०च्या ऑक्टोबरला पार्किंगमध्ये पाणी आलं होतं, गुडघाभर. गाडी धुऊन वाळवली होती, चालू झाली म्हणून पुढे काही बघितलं नाही." १३ ऑक्टोबर २०२०च्या रात्री हैदराबादेत झालेला पाऊस बातम्यांत सगळ्यांनी पाहिला होता, गाड्या वाहून जाताना दिसत होत्या. हुसेनसागरचं जादा पाणी वाहून नेणारा नाला अशोकनगर, चिक्कडपल्लीच्या बाजूने पुढे मुसी नदीकडे जातो. मोठ्या पावसात त्या काठच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरतं. तेव्हा कोरड्या शहरातली गाडी म्हणजे चांगला पत्रा, हा हिशेब अर्धाच खरा. ती पुरात उभी होती का, हे चटईखाली आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या हातभर भागावर बघायचं. पुराच्या पाण्याची रेघ तिथे राहते.

तपासणी झाली की गंजाचे तीन भाग करा. पहिला, नुसता तांबूस डाग, पत्रा गुळगुळीत. दुसरा, फोड आणि खड्डे, पण दाबल्यावर पत्रा टणक. हे दोन्ही घरी होतात. तिसरा, भोक पडलेला किंवा दाबल्यावर आत जाणारा पत्रा. तो वेल्डरचा.

आणि एक यादी अशी की जिथे घरी काहीच करायचं नाही : चेसिसचे दांडे, दाराखालचा पोकळ पत्रा जर भोक पडलेला असेल तर, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट, जॅक लावायची जागा, ब्रेकच्या नळ्या. धडक बसली तर गाडीचा हा सांगाडाच माणसाला वाचवतो. तिथे लांबी भरून रंग मारणं म्हणजे कुजलेल्या फळीवर रंग मारून होडी समुद्रात नेणं.

घरी करायचं काम, पायरीपायरीने

१. गाडी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. ज्या भागात काम करायचं तिथे थिनरच्या फडक्याने तेल, मासळीचा चिकटपणा पुसून काढा. तसं न करता घासलं तर चिकटपणा पत्र्यातच रगडला जातो. खारवट बोअरचं पाणी या कामात कुठेच नको.

२. गंज काढा. ग्राइंडरला तारेचा ब्रश किंवा हाताने ८० नंबरचा पॉलिश पेपर. फोडाच्या बाहेर, चारही बाजूंनी किमान इंचभर चांगल्या रंगापर्यंत जा. पत्रा चांदीसारखा दिसला पाहिजे. ग्राइंडर एका जागी धरू नका, पत्रा पातळ होतो आणि तापून वाकतो. मग १८० आणि ३२० नंबरने रंगाची कड उतरती करा, बोट फिरवलं तर पायरी लागू नये. चष्मा आणि मास्क लावा. ठिणग्या उडतात, तेव्हा पेट्रोलच्या टाकीजवळ ग्राइंडर चालवायचा नाही, तिथे हाताने घासा.

३. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतात, ते कितीही घासलं तरी जात नाहीत. त्यासाठी दुकानात गंज बदलणारं द्रावण मिळतं. त्यात फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिन असतं. गंजाचं ते घट्ट, काळसर थरात रूपांतर करतं. हे ऐकायला नवीन वाटेल, पण आपल्याला जुनं आहे. नायलॉन यायच्या आधी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करायचे, त्या काढ्यातलं कामाचं द्रव्य टॅनिनच. हिरड्याच्या काढ्यात लोखंड टाकून काळी शाई करायचे, तीही हीच क्रिया. आणि फॉस्फरसचं म्हणाल तर दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे वर एक राखणारा थर तयार झाला, असं शास्त्रज्ञ सांगतात. पण लक्षात ठेवा, हे द्रावण घासल्यानंतर उरलेल्या ठिपक्यांसाठी आहे. पोपडे तसेच ठेवून वर ओतलं तर वरचा थर काळा होतो, खालचा तसाच राहतो. हातमोजे घाला. धुवायचं की नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तसंच करा.

४. त्याच दिवशी प्रायमर. आपल्याकडे उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते. म्हणून एका दिवसात जेवढं झाकता येईल तेवढंच उघडा. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, गाडीच्या खालच्या बाजूला चालतं. पण त्यावर बाहेरच्या रंगाचं कडक थिनर लागलं की ते सुरकुततं, म्हणून दिसणाऱ्या भागाला इपॉक्सीच घ्या.

५. लांबी प्रायमरवर भरा, उघड्या पत्र्यावर नको. लांबी ओलावा शोषते, तिच्या खाली पाणी अडवणारा थर हवा. जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या आत. खड्डा त्याहून खोल असेल तर पत्रा आधी ठोकून बाहेर काढा. सुकल्यावर १८०, मग ३२०ने घासा.

६. पुन्हा प्रायमर, मग ४०० ते ६०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलका हात. कुठे पत्रा उघडा पडला तर तिथे आधी पुन्हा प्रायमर.

७. रंग. गाडीवर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर रंगाचा नंबर असतो. तो दाखवून रंग बनवून घ्या किंवा स्प्रे कॅन आणा. जुना रंग उन्हाने उतरलेला असतो, त्यामुळे नवा तंतोतंत जुळणार नाही. तेव्हा ठिगळापुरता गोल मारण्यापेक्षा पत्र्याच्या घडीपर्यंत किंवा पट्टीपर्यंत मारा, फरक डोळ्यात येत नाही. पातळ तीन-चार हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. मेटॅलिक रंग असेल तर वरून क्लिअर कोट लागतोच.

८. मागची बाजू. हे काम बहुतेक जण सोडतात आणि गंज तिथूनच परत येतो. दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. पोकळ पत्र्यात लांब नळीच्या नोझलने मेण किंवा पातळ ग्रीस फवारा, भोकं बुजवू नका. खालून डांबरी काळं कोटिंग मारायचं असेल तर गंज पूर्ण काढून, प्रायमर मारूनच. गंजावर मारलेलं काळं कोटिंग म्हणजे गंजाला पांघरूण. आत काय चाललंय ते वरून दिसतसुद्धा नाही.

या सगळ्या सामानाचा खर्च साधारण एखादा भाग गॅरेजमध्ये करून घेण्याइतका येतो, आणि त्यात चार-पाच जागा होतात. उरतो तो आपला वेळ.

वेल्डरकडे देताना

ओम्नीच्या मधल्या जमिनीत दोन ठिकाणी आणि सरकत्या दाराखालच्या पोकळ पत्र्यात एका ठिकाणी भोक निघालं. ते सीओटू वेल्डिंग असलेल्या माणसाकडे दिलं. पातळ पत्र्याला हेच वेल्डिंग बरं, साध्या रॉडने पत्रा जळून भोक मोठं होतं. चार गोष्टी सांगून ठेवा. कुजलेला पत्रा टणक पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच्यावरून पट्टी मारायची नाही. बॅटरीच्या वायरी काढूनच वेल्डिंग. चटई, सीट, वायरिंग बाजूला, टाकी आणि पेट्रोलच्या नळ्या लांब किंवा काढलेल्या, पाण्याची बादली जवळ. आणि वेल्डिंगच्या उष्णतेने मागचा रंग जळतो, तेव्हा आतून पुन्हा प्रायमर आणि मेण.

सीटचे बोल्ट त्यांनी नवे बसवले, खालची जागा कापून नवीन पत्रा घातला. या तीन जागांचे पैसे सभासदाने काहीही घासाघीस न करता दिले. बाकी सगळं अंगणात झालं, रविवार आणि लाटा असलेले दिवस धरून दीड महिन्यात. गाडी आरटीओत पास झाली.

कागदपत्रं आणि गणित

खासगी गाडीला १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते पुढे ५ वर्षं चालतं. एप्रिल २०२२पासून मोटारीसाठी त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरच्या मोटारीला २०२५पासून १०,००० आहे. माल वाहतुकीच्या टेम्पोला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. दुरुस्तीचा खर्च ठरवताना हे पैसेही धरा.

हैदराबादहून किंवा कुठल्याही परराज्यातून गाडी आणणार असाल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत म्हणजे फॉर्म २८ घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. नातेवाइकाची गाडी असली तरी हा नियम सुटत नाही.

कधी थांबायचं तेही सांगतो. चेसिसचा दांडा किंवा सस्पेन्शनची जागा दोन-तीन ठिकाणी गेली असेल, तर दाराला रंग मारून काही मिळत नाही. ती गाडी भंगारात द्या आणि वाचलेले पैसे पुढच्या गाडीत घाला. अशी गाडी रंगवून दुसऱ्याच्या गळ्यात मारणंही नको. तिच्यात कुणाचीतरी लेकरं बसणार असतात.

आपल्या वर्षात हे काम कधी बसवायचं

१ जूनला बंदी लागते आणि माणसं मोकळी होतात, पण तेच दिवस रंगासाठी सगळ्यात वाईट. हवा ओली, रंगाखाली ओलावा अडकतो, पांढरट झाक येते. म्हणून घासणं, प्रायमर आणि रंग दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत उरका, सकाळचं दव गेल्यावर. बंदीच्या दिवसांत आतली कामं करा : चटई उचलून सुकवणं, भोकं मोकळी करणं, वेल्डरला गाडी देणं, उघडीप मिळाली की मेण फवारणं.

रोजचं म्हणाल तर चार सवयी पुरतात. मासळी क्रेटमध्ये आणि क्रेट खाली कड असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे बर्फाचं पाणी पत्र्यापर्यंत जात नाही. आठवड्यातून एकदा पाइप खालून धरून कमानी आणि चेसिस गोड्या पाण्याने धुवा. गाडी ओल्या वाळूत किंवा गवतात उभी करू नका. वरून ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. त्यापेक्षा छप्पर आणि मोकळी हवा.

ओम्नी अजून रोज पहाटे बाजाराला जाते. नवा फोड आला की वहिनी आधी कार्यालयाच्या ग्रुपवर फोटो टाकतात. वाटाण्याएवढा असतानाच तो घासला जातो, अर्ध्या तासाचं काम. तुम्हीही या रविवारी एवढं करा : गाडीची चटई उचला आणि खाली हात फिरवून बघा. ओलं लागलं तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, रंगाच्या दुकानात त्यानंतर जा. काही अडलं तर फोटो घेऊन कार्यालयात या, डेंटर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी बसायला तयार आहेत.